हिकारीचे अल्गी वेफर आणि मंडईतला दोडका : आमच्या ब्रिसलनोजला काय पटलं (सांगली)

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. हिकारीचे अल्गी वेफर, म्हणजे तळाशी चरणाऱ्या माशांना घालायच्या खाण्याच्या टिकल्या, चांगले आहेत, पैसे वसूल आहेत, पण नुसत्या वेफरवर मासा पाळायचा विचार असेल तर घेऊ नका, कारण अर्धं जेवण भाजी मंडईतनं आणावं लागतं आणि खरं सांगू का, तेच जास्त महत्त्वाचं आहे. पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते खाली येईलच.

आमच्याकडे विश्रामबागला हॉलमध्ये अडीच फुटी टँक आहे, त्यात ब्रिसलनोज प्लेकोची एक जोडी, बाकी मोली आणि थोडे टेट्रा. ब्रिसलनोज म्हणजे आपल्याकडं दुकानात जो काळा सकर मिळतो त्याचाच भाऊबंद, दोघं एकाच खानदानातले (या सगळ्यांना प्लेको म्हणतात) आणि मूळचे दक्षिण अमेरिकेतले, फक्त हा चार-पाच इंचावर थांबतो आणि नर मोठा झाला की त्याच्या नाकाडावर फाटे फुटलेल्या मांसल मिशा येतात. सासूबाई त्याला दाढीवाला म्हणतात. मादीला फारशा मिशा नसतात त्यामुळं तिला काहीच म्हणत नाहीत, नुसतं "ती दुसरी".

तर वेफर. कंपनी जपानची, हिमेजी गावची क्योरिन, हिकारी हा त्यांचा ब्रँड. पाकीट झिपवालं असतं, आतमध्ये गोल चपट्या हिरवट टिकल्या. टाकली की सरळ तळाला जाते, वर तरंगत बसत नाही, आणि मुख्य म्हणजे लगेच विरघळत नाही, बाहेरनं मऊ पडत जाते आणि मासा वर बसून तासन्‌तास खरवडत राहतो. हे का महत्त्वाचं तर या माशाचं तोंड खाली असतं आणि त्याला तोडून गिळता येत नाही, तो बारीक दातांनी घासून घासून खातो, म्हणजे खाणं जागेवर टिकलं पाहिजे. आधी मी एका दुकानातनं सुट्टे वेफर आणले होते, पारदर्शक पिशवीत बांधून दिलेले, ना नाव ना तारीख, ते तासाभरात भुगा होऊन वाळूत गेले आणि सकाळी पाणी अगदी ताकाळ. स्वस्त होते म्हणा. पण त्या भुग्याचं नंतर जे व्हायचं ते होतं, अमोनिया वाढतो आणि बाकीचे मासे वर येऊन तोंडं मारायला लागतात.

आता स्टार कापल्याचं कारण. नाव अल्गी वेफर असलं तरी पाकीट उलटं करून घटक वाचा, पहिलं नाव फिश मील, म्हणजे माशाची भुकटी, आहे, मग गव्हाचं पीठ, आणि शेवाळ, स्पिरुलिना वगैरे मंडळी खाली रांगेत उभी आहेत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात त्यामुळं काय जास्त काय कमी ते कळतं. प्रोटीन ३३ टक्के. वाईट आहे असं नाही, पिल्लांना वाढीला लागतंच, आणि कंपनीनं काही लपवलेलं नाही सगळं छापलंय, पण ब्रिसलनोज हा मुळात शेवाळ आणि पानपाला खाणारा प्राणी, त्याचं आतडं भलतं लांब, पोटात घड्याळाच्या स्प्रिंगगत गुंडाळलेलं असतं. त्याला रोज असलं जड खाणं घातलं की पोट फुगायची भीती. म्हणून आमच्याकडं वेफर एक दिवसाआड, दोघांत मिळून एक, आणि मधल्या रात्री भाजी.

टाकायची वेळ रात्रीची. हे निशाचर आहेत, दिवसभर लाकडाखाली दडून बसतात. लाईट असताना वेफर टाकला की मोली तुटून पडतात आणि यांच्या वाट्याला काही राहत नाही, मग आपल्याला वाटतं आपण खाऊ घालतोय आणि मासा उपाशीच. हॉलची ट्यूब बंद करायची, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्यायची, मग टाकायचा. मोबाईलची टॉर्च लांबनं मारून बघा एकदा. डोळा बघायचा मुद्दाम. उजेड पडला की बुबुळाचा वरचा काठ पडद्यासारखा खाली उतरतो आणि मधल्या काळ्याची नुसती कोर उरते, अंधार झाला की परत गोल. आमचा धाकटा ते बघायला रात्री जागा राहतो आणि सकाळी शाळेला उठत नाही, तो वेगळा विषय.

भाजीबद्दल सविस्तर लिहिते कारण यूट्यूबवर सगळे झुकिनी झुकिनी करत असतात. सांगलीत झुकिनी शोधत फिरायची काही गरज नाही ओ. दोडका घ्या. शिरा सोलायच्या, बोटभर जाडीचा तुकडा, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढायचा, मीठ बिलकुल नाही, गार झाला की स्टीलचा काटा त्यात खुपसायचा आणि काट्यासकट टँकमध्ये. काट्याच्या वजनानं खाली बसतो. सकाळी बघितलं तर मधला मऊ गर साफ आणि बाहेरची कडी तेवढी शिल्लक, इतकी स्वच्छ गोल की आपण चाकूनं काढायची म्हटली तर जमणार नाही. दुधी चालतो, लाल भोपळा आवडतो पण पाणी जरा घाण करतो, पालकाचं पान उकळून, मटार साल काढून चेपलेला. रताळं कच्चंच द्या, मऊ केलं की नुसता चिखल होतो. काकडीवर सगळे तुटून पडतात पण तिच्यात पाण्याशिवाय फारसं काही नाही, ती आपली उन्हाळ्यात तोंडाला म्हणून. भाजी आधी मिठाच्या पाण्यात भिजवून मग साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवायची, फवारणीचं टेन्शन असतंच. आणि उरलेलं सकाळी काढायचंच, एप्रिल-मेमध्ये तर विसरूच नका, दुपारपर्यंत वास मारतो.

सासूबाईंचं म्हणणं, "माणसाला भाजी परवडंना आणि ही माशाला दोडका उकडून घालतीया." पण शिरा त्यांनाच लागतात चटणीला, त्यामुळं तक्रार फार पुढं जात नाही. आता मंडईत त्याच सांगतात, एक कवळा बघून टाक वहिनी, घरात मासा हाय.

लाकडाचं पण सांगते, ड्रिफ्टवूड टँकमध्ये असलंच पाहिजे. ब्रिसलनोज ते खरवडत बसतात, वरचा शेवाळाचा बुळबुळीत थर खातात आणि दडायला जागा होते. काही जण सांगतात लाकूड हेच त्यांचं अन्न. तसं नाही. पनाक म्हणून याच कुळातला लाकूड कुरतडणारा प्लेको आहे, त्याच्यावर २००९ मध्ये अभ्यास छापून आला होता, त्यात दिसलं की लाकूड त्याच्याही पोटातनं चार तासांच्या आत बाहेर पडतं, नीट पचत नाही. मग ब्रिसलनोजचं काय घेऊन बसलात. लाकूड ठेवा, पण त्याच्या भरवशावर जेवण बंद करू नका. नवीन लाकडानं पाणी चहाच्या रंगाचं होतं, घाबरू नका, उकळून आणि भिजवून ठेवलं की कमी होतं.

मासा नीट खातोय का हे कसं ओळखायचं, तर तो काचेला चिकटला की समोरनं पोट बघा. सपाट किंवा किंचित भरलेलं असेल तर ठीक. आत खोल गेलं असेल आणि डोळे पण आत ओढलेले दिसत असतील तर तो उपाशी आहे, कितीही वेळ काचेला चिकटलेला दिसू दे. खरं तर सगळी गडबड इथंच होते. दुकानात सांगतात, "ताई एक सकर टाका, टँक साफ ठेवतोय, त्याला काय घालायला लागत न्हाई". अहो, टँकमधलं शेवाळ संपलं की तो काय खाणार, हवा? आणि टँक साफ ठेवणं लांबच, सगळ्यात जास्त घाण तोच करतो. ब्रिसलनोजच्या विष्ठेचे लांब दोरे रोज सकाळी वाळूवर पडलेले असतात, सायफन करायला, म्हणजे नळीनं तळाची घाण ओढून काढायला, लागतोच. आठवड्याला पाव भाग पाणी बदला, फिल्टर जरा दणकट लावा.

बरं तो चाळीस-पन्नास रुपयांचा दोन इंची सकर, तो एक फुटाच्या वर जातो, नीट वाढला तर दीड फुटाकडं. दोन फुटी टँकमध्ये त्याला वळता पण येत नाही. वर मोठा झाला की शेवाळ खायचा कंटाळा करतो आणि गोल्डफिशसारख्या संथ माशाच्या अंगाला चिकटून चिकट थर ओरबाडतो, त्या जखमा लवकर भरत नाहीत. ब्रिसलनोज तिप्पट-चौपट किमतीला मिळतो पण घरातल्या टँकला तोच बरोबर. पिवळा पण मिळतो, दिसायला भारी, पण कोणी एल१४४ म्हणून जास्तीचे पैसे मागितले तर देऊ नका, बाजारातला बहुतेक पिवळा म्हणजे साध्या ब्रिसलनोजचाच रंग बदललेला. हे एल नंबर १९८८ पासून एका जर्मन मासिकानं सुरू केले, कारण नवीन नवीन प्लेको यायला लागले आणि शास्त्रीय नावं तयार नव्हती. आणि सगळ्या प्लेकोंना पालाच लागतो असं पण नाही हां. तो काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा, एल०४६, ब्राझीलच्या शिंगू नदीतला, त्याला भाजी फारशी नको, मांसाहार जास्त लागतो. म्हणजे हे वेफर कोणासाठी घेताय ते आधी बघा.

जो मोठा झालेला सकर नकोसा होतो त्याला लोक घाटावर नेऊन कृष्णेत सोडतात, पुण्य मिळतं म्हणे. कृपा करून असं करू नका. आंध्र-तेलंगणात हाच मासा तळ्यांतनं नद्यांतनं पसरलाय, अंगावर कडक प्लेटा आणि परांना काटे, कोळ्यांची जाळी फाडतो, बाजारात कोणी घेत नाही, आणि अंडी घालायला काठाच्या मातीत बिळं करतो. पाणी खराब असलं तरी वरनं हवा गिळून जगतो, मरत नाही सहजी. आपल्या नदीत देशी मासे आधीच किती उरलेत. दुकानदाराला परत द्या, नाहीतर कोणाची शेततळ्याएवढी बंदिस्त टाकी असेल तर तिथं, पण नदीला, कालव्याला नाही.

हवा गिळण्यावरनं आठवलं, ब्रिसलनोज पण अधूनमधून सुळकन वर जाऊन खाली येतो, ते नॉर्मल आहे. पण सारखं सारखं करायला लागला तर ऑक्सिजन कमी पडतोय. आपल्याकडं उन्हाळ्यात हॉलमधलं पाणी बत्तीसला जातं आणि त्यातच लाईट गेली की झालंच, सेलवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. यांना चोवीस ते अठ्ठावीस डिग्री बरं. टँकचं झाकण उघडून छोटा फॅन लावला की दोन-तीन डिग्री उतरतात. नळाच्या पाण्याला अँटी-क्लोरीन घातल्याशिवाय टाकू नका, पावसाळ्यात नदी गढूळ झाली की क्लोरीनचा वास जास्तच येतो.

औषधाच्या बाबतीत जपून. पांढरे ठिपके आले की दुकानात पहिल्यांदा मीठ टाका म्हणतात, ते मोलीला चालतं, प्लेकोला जास्त मीठ झेपत नाही आणि तांबं असलेली औषधं तर नकोच. शेजारच्या काकूंनी हळद सुचवली होती, सांगलीत आणखी काय सुचवणार. पकडायची वेळ आली तर जाळी वापरू नका, गालाचे आणि परांचे काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना मासा फाटतो. प्लास्टिकचा डबा पुढं धरून हळूच आत हाकलायचा.

पाकीट कुठलं घ्यायचं, तर वीस ग्रॅमचं सगळ्यात बारकं येतं, मग चाळीस, ब्याऐंशी, आणि मोठं अडीचशेचं. बारक्यालासुद्धा शंभरची नोट पुरत नाही, आणि ग्रॅममागं हिशोब केला तर मोठं स्वस्त पडतं, म्हणून लोक अडीचशेचं मागवतात. एक-दोन मासे असतील तर हा मोह टाळा. वर्षभर संपत नाही, आणि जूनची हवा लागली की झिप असून पण टिकल्या दमट होतात, मग बुरशी. चाळीसचं घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, टँकच्या झाकणावर ठेवू नका कारण तिथं लाईटची धग आणि वाफ दोन्ही असतं, आणि हात ओला असताना पाकिटात घालायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, आमच्याकडं अजून सांगतेच आहे. ऑनलाईन मागवलं तर पाकीट हातात आल्या आल्या तारीख बघा आणि जुनं असेल तर लगेच परत करा.