पहिली-दुसरीच्या वर्गात नवव्या पिढीचा आयपॅड

२०२१चं हे मॉडेल जुनं झालं खरं, पण लहान मुलांच्या वर्गात त्याच्या जुन्या गोष्टीच कामी येतात: ३.५ मिमीचा हेडफोन जॅक आणि होम बटण. दहाव्या पिढीत दोन्ही गायब. साधे वायरवाले हेडफोन चालतात, त्यामुळे वर्गभर ब्लूटूथच्या जोड्या जुळवत बसावं लागत नाही. पिन मात्र काटकोनी घ्या. सरळ पिन टॅब्लेट पडला की आतच मोडते.

खरी सोय गाइडेड अ‍ॅक्सेसची. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन ते सुरू करा, पासकोड ठेवा, हवं ते अ‍ॅप उघडा आणि होम बटण तीनदा दाबा. मूल त्या अ‍ॅपमध्येच राहतं. मेनूच्या जागेभोवती बोटाने गोल काढला की तेवढा भागही बंद होतो. पासकोड टाकताना स्क्रीन आपल्याकडे वळवा, या वयाची मंडळी बोटांकडे बघूनच आकडे उचलतात!

अ‍ॅपल पेन्सिल या वयाला नको. पहिल्या पिढीच्या पेन्सिलचं टोपण सुटं असतं, हरवणारच. शिवाय चार्जिंगला ती टॅब्लेटच्या कडेला आडवी बाहेर येते. धक्का लागला की संपलं. जाड रबरी टोकाचा स्टायलस बरा, पण त्यात तळहात टेकला तरी रेघ उमटते. म्हणून अक्षरं गिरवायला आधी बोटच.

६४ जीबी अ‍ॅप्सना पुरते. मुलांनी व्हिडिओ काढायला सुरुवात केली की भरते. दर आठवड्याला फोटो रिकामे करा, ‘रिसेंटली डिलीटेड’सकट.