लाविन की हार्डवे? तळाच्या संघाला कोणता ट्रेड मानवेल

आमच्या मित्रांच्या मॉक लीगमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, एकेक संघ येतो आणि नियम सगळे खऱ्या लीगचेच लागतात. २०२४ च्या उन्हाळ्यात मी डेट्रॉइट घेतला. घ्यायला दुसरं कुणी तयारही नव्हतं म्हणा: आधीच्या सीझनमध्ये १४ विजय, ६८ पराभव, आणि त्यात सलग २८ सामने हरण्याचा नकोसा विक्रम. आता असाच तळाचा संघ ज्यांच्या गळ्यात पडलाय, ते विचारतात की मोठं नाव आणावं की किरकोळ डागडुजी करावी. माझ्यासमोर नेमके हेच दोन प्रस्ताव होते, म्हणून त्यांच्याबद्दलच लिहितो.

पहिला प्रस्ताव शिकागोच्या झॅक लाविनचा. दुसरा डलासच्या टिम हार्डवे ज्युनियरचा, आणि त्याच्यासोबत दुसऱ्या फेरीचे तीन पिक्स (पिक म्हणजे ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचा हक्क). बदल्यात द्यायचा आमचा क्वेंटिन ग्राइम्स. हा दुसरा व्यवहार खऱ्या डेट्रॉइटनेही केला. आमच्या लीगमध्ये तो झालाच नाही असं धरून मला नव्याने निवडायची मुभा होती.

खेळाडू म्हणून तुलना करायचीच तर ती एका वाक्यात संपते. लाविन कितीतरी उजवा. २०२४-२५ मध्ये शिकागोकडून खेळताना तो सामन्याला २४ गुण काढत होता. हार्डवे हा उभ्या उभ्या तीन गुणांचे शॉट मारणारा, तिशी ओलांडलेला गडी. पण डेट्रॉइटचं दुखणं वेगळं होतं. केड कनिंगहॅम चेंडू घेऊन आत घुसायचा तेव्हा तिथे आधीच गर्दी झालेली असायची. जेलन ड्युरेन बास्केटखालीच राहणार आणि ऑसार थॉम्पसनचा बाहेरून नेम नसल्याने त्याला तिथे कुणी अडवायलाही येत नव्हतं. भारतात पहाटे साडेपाचला उठून ज्यांनी ते सामने पाहिलेत, त्यांना आकडेवारीची गरज नाही. तिथे कोपऱ्यात उभं राहून बाहेरून मारणारा कुणीतरी हवा होता. चेंडू मागणारा आणखी एक जण आणला असता, तर कनिंगहॅमचाच चेंडू कमी झाला असता. असं आपलं मला वाटतं. लाविन बाहेरूनही उत्तम मारतो, त्यामुळे उलट बाजूही मांडता येईल.

पगाराचं गणितही बोलकं आहे. त्या सीझनची कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, जेमतेम १४ कोटी डॉलरची आणि त्यात लाविनचे ४ कोटी ३० लाख. पुढे २०२६-२७ पर्यंत हा आकडा चढतच जाणार, शेवटच्या वर्षी राहायचं की करार सोडायचा हा पर्याय खेळाडूच्या हाती, आणि पायाच्या शस्त्रक्रियेमुळे आधीच्या सीझनमध्ये तो फक्त २५ सामने खेळलेला. हार्डवेचे १ कोटी ६२ लाख, तेही एकाच वर्षाचे.

तरीही मी लाविन घेतला असता. माझ्याकडे कॅप रिकामी होती, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या खेळाडूंचे पगार जुळवायचीही भानगड नव्हती. अडलं ते एका जुन्या पिकवर.

२०२० मध्ये आयझेया स्टुअर्टला मिळवण्यासाठी डेट्रॉइटने पहिल्या फेरीचा एक भावी पिक ह्यूस्टनला देऊन टाकला होता, पण त्यावर प्रोटेक्शन होतं. संघ वाईट खेळला की पिक घरीच राहायचा आणि देणं पुढच्या वर्षावर जायचं. डेट्रॉइट दरवर्षी वाईटच खेळत होता, त्यामुळे देणं काही फिटत नव्हतं. तोवर तो पिक ह्यूस्टनकडून ओक्लाहोमा सिटी, तिथून न्यूयॉर्क असा हातोहात फिरला. स्टेपियन नियमानुसार पुढच्या सलग दोन वर्षांत पहिल्या फेरीचा पिक नाही, अशी वेळ संघाला आणता येत नाही. देणं २०२५, २६ की २७ मध्ये फिटेल हे ठरलेलं नसल्याने माझ्या मधल्या सगळ्याच पिक्सवर सातबाऱ्यावरच्या जुन्या बोजासारखं ते बसलं होतं. खात्रीने देता येईल असा सगळ्यात जवळचा पिक थेट २०२९ चा!

शिकागो सांभाळणाऱ्या मित्राला लाविनच्या बदल्यात एक फर्स्ट, म्हणजे पहिल्या फेरीचा पिक, हवाच होता. ‘जुना पिक गेल्यावर दोन वर्षांनी’ अशी अट घालून देतो म्हटलं, तर तो म्हणाला, ‘बाबा रे, मला वर्ष सांग.’ मी २०२९ म्हटलं, तर त्याला त्यावर कसलंही प्रोटेक्शन नको. पाच वर्षांनी आपला संघ कुठे असेल हे कुणाला माहीत? प्रत्येक फोन तिथेच येऊन अडकायचा. शेवटी कंटाळून मी डलासला होकार कळवला. त्या व्यवहारात मी पहिल्या फेरीचं काहीच देत नव्हतो, उलट दुसऱ्या फेरीचे तीन पिक्स पदरात पडत होते.

खऱ्या डेट्रॉइटचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच: ४४ विजय. ते श्रेय एकट्या हार्डवेला देणं हास्यास्पद ठरेल. मलिक बीझलीने तीन गुणांचे ३१९ शॉट मारले, टोबायस हॅरिस आला, कनिंगहॅम ऑल-एनबीए, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, आला. पण कनिंगहॅमला आत घुसायला जागा मोकळी झाली हे खरं. आणि गंमत म्हणजे जिंकल्यामुळे तो जुना पिकही २०२५ मध्ये एकदाचा गेला. तोवर तो मिनेसोटाकडे पोचला होता. सतरावा पिक. एवढं स्वस्तात सुटणं मला तरी चालतं. तिकडे लाविनला विकून शिकागोला मुख्य म्हणजे स्वतःचाच २०२५ चा पिक परत मिळाला. तेवढ्या पगाराला बाजारात काय भाव असतो, ते यावरून बघा.

हार्डवेच्या व्यवहारातही खोट आहे. ग्राइम्स पुढे फिलाडेल्फियात असा काही खेळला, की डेट्रॉइटवाल्यांना तो आठवत असणारच. तुमचा ग्राइम्स कोण, हे आधी नीट तपासा.

तुमच्या संघाचे सगळे पिक्स मोकळे असतील आणि समोरचा स्टार पंचविशीतला असेल, तर पहिल्या वाटेला जायला माझी हरकत नाही. एखादा जरी प्रोटेक्टेड पिक कुणाकडे अडकलेला असेल, तर आधी तो फिटू द्या. तोवर वर्षभराचे करार घ्या आणि थोडी कॅप फेब्रुवारीतल्या ट्रेडच्या डेडलाइनपर्यंत राखून ठेवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिमी बटलरच्या अनेक संघांच्या व्यवहारात डेट्रॉइटने कॅपमध्ये अशाच राखलेल्या जागेत डेनिस श्रोडरला बसवलं.