रीडेव्हलपमेंटच्या नावाखाली आमच्या सोसायटीचे 22,56,500 रुपये गेले

आधी आकडा सांगते, कारण सोसायटीत जो तो वेगळाच सांगत सुटलाय. 49 घरांनी 'फाईल खर्च' म्हणून प्रत्येकी 18,500 दिले, ते झाले 9,06,500. वर नव्या इमारतीतल्या जादा जागेच्या बुकिंगचे 9 घरांचे दीड-दीड लाख, ते 13,50,000. एकूण 22,56,500. त्यातले माझे 1,68,500. पैशांच्या पावत्या मी लिहिल्या म्हणून मी कमिशन खाल्लं असं ज्यांना वाटतं, त्यांनी घरी येऊन माझं पासबुक बघावं. चहा मिळणार नाही.

आमची सोसायटी बडोद्यात, कारेलीबागच्या बाजूला. चार ब्लॉक, 64 फ्लॅट, बांधकाम 1986 चं. जिन्याखाली सळया उघड्या पडल्यात. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी तळमजल्यात शिरलं, त्याचा मातकट पट्टा भिंतीवर अजून तसाच आहे. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर गेटवर महापालिकेची जर्जर इमारतीची नोटीस लागली, महापालिका कायद्याच्या कलम 264 ची. आठवडा उलटायच्या आत, ज्याने आम्हाला फसवलं तो माणूस दारात हजर. नोटीस कुठे कुठे लागली हे त्याला कोण पुरवत होतं, हा प्रश्न पोलिसांनी अजूनपर्यंत कुणालाच विचारलेला नाही.

आला आणि पैसे मागितले, असं झालं असतं तर आम्ही काय दूधखुळे होतो? सुरुवातीला त्याने इमारतीचा विषयच काढला नाही. गणपतीला 11,000 वर्गणी दिली. कोजागरीचं दूध त्याच्याकडून. जिन्यातले बंद दिवे स्वखर्चाने बदलले. पार्किंगवरून वर्षानुवर्षं अबोला धरलेली मराठी, गुजराती, सिंधी कुटुंबं गच्चीवर एका पंगतीत बसली. "ताई, रीडेव्हलपमेंट नंतर बघू, आधी आपण सगळे एक होऊ," हे त्याचं पालुपद. मराठी अस्सल बडोद्याचं, दांडिया बाजारात वाढल्यासारखं. आणि खरं सांगू का, त्या दिवसांत सोसायटी जितकी छान वाटत होती तितकी कधीच वाटली नव्हती. संताप त्याचाच जास्त आहे. कारण पैसे मागायला तो एकाही दारात गेला नाही. गेलो आम्हीच, महिला मंडळाच्या बायका. समोरच्या काकींनी सही केलीय म्हटल्यावर शेजारचा नाही म्हणतो का?

भीती घालायला त्याच्याकडे माधवनगर होतं. अटलादऱ्याला 28 ऑगस्ट 2013 ला दोन इमारती कोसळल्या, 11 माणसं गेली. ते बडोद्यात कुणाला सांगावं लागत नाही. फोटो मोबाइलवर दाखवायचा आणि वर बघायचा, आमच्या स्लॅबकडे. मग कायदा. 25 वर्षांहून जुनी इमारत असेल तर 75 टक्के मालकांच्या संमतीवर पुनर्विकास करता येतो, गुजरातने 2018 मध्ये तशी दुरुस्ती केली. हे शंभर टक्के खरं आहे, वकील भाच्याला विचारून मी खात्री केली होती. 64 चे 75 टक्के 48. 48 वी सही झाली त्या संध्याकाळी पेढे वाटले. आमच्याच वर्गणीतून, अर्थात.

संमती कायद्याने लागते, पण संमतीबरोबर पैसे द्या असं कुठलाही कायदा म्हणत नाही. पुनर्विकासात बिल्डर रहिवाशाला भाडं देतो, सामान हलवायचा खर्च देतो. रहिवासी फाईल खर्च देत नाही. लिहून ठेवा.

भाडंही त्याने दिलं, म्हणून तर विश्वास बसला. सी ब्लॉकमधली दोन कुटुंबं आधी बाहेर काढली आणि पहिल्या महिन्याचे प्रत्येकी 7,000 रोख हातावर ठेवले. 14,000 मध्ये 64 घरं गार. ती दोन कुटुंबं आज खिशातून भाडं भरतायत, कारण जाताना त्यांचे दरवाजे, खिडक्या, नळ 'भंगारात चांगला भाव येतो' म्हणून काढून नेले. तेही पैसे गेले.

आता तो करार. जादा जागेचा 'समजूत करार' माझ्या डायनिंग टेबलावर झाला. 100 रुपयांचा कागदी स्टॅम्प पेपर. मकरपुऱ्याच्या कारखान्यात अकाउंट्समध्ये माझी सगळी नोकरी गेली, स्टॅम्प पेपर मला नवा नाही. गुजरातमध्ये 1 ऑक्टोबर 2019 पासून कागदी स्टॅम्प विकणं बंद आहे, व्यवहार ई-स्टॅम्पवर चालतात. हा कागद मागून उलटा केला तर विक्रेत्याच्या शिक्क्यातली तारीख पुसट. मी अंगठ्याने घासूनही पाहिली, शाई अंगठ्याला लागली. सात वर्षांपूर्वीची शाई लागते कधी? मी विचारलंही. "वकिलांकडे जुना स्टॉक पडून होता, ताई, चालतो." त्याच वेळी पुण्याहून मुलाचा व्हिडिओ कॉल, "आई, सगळे करतायत, तू काय अडवून बसलीस?" दहा जणं टेबलाभोवती उभी. अशा वेळी कागद बाजूला सारून दाखवावा कुणीतरी, मग मला शिकवायला यावं.

ई-स्टॅम्पवर क्रमांक असतो, मोबाइलवर तपासता येतो. दोन मिनिटं लागतात. तपासल्याशिवाय पेन हातात घेऊ नका.

पैसे त्याने स्वतःच्या नावाच्या खात्यात यूपीआयने घेतले, उरलेले रोख. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, नातेवाइकांना नंतर. आम्ही उलटं केलं, कारण तो दोन महिने फोन उचलत होता.

मग पोलीस. साहेबांनी अर्ज वाचलाही नाही. "बेन, आ तो सिविल मॅटर छे." म्हटलं, अहो, त्याने बिल्डरचं लेटरहेड दाखवलं आणि त्या बिल्डरला आमची सोसायटी माहीतसुद्धा नाही, ही फसवणूक नाही तर काय? तर म्हणे 49 जणांचे 49 वेगळे अर्ज आणा. आणले. मग म्हणे एकत्र करून एक आणा. तेही केलं. सोसायट्यांच्या नोंदणीचं काम बघणाऱ्या कार्यालयात गेलो तर तिथल्या बाईंनी विचारलं, जनरल मीटिंगचा ठराव कुठेय? ठराव नाही म्हणजे व्यवहार सोसायटीचा नाही, म्हणजे विषय आमचा नाही. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात गेलो तर त्यांना एवढंच हवं होतं, नोटीस मिळाली ना, मग इमारत रिकामी कधी करता? एफआयआर अजून नाही. पोच म्हणून कागदाच्या कोपऱ्यात एक शिक्का आणि एक सही, नाव वाचता येत नाही अशी. आमच्याकडे लाइट बिल थकलं तर तिसऱ्या दिवशी माणूस येतो.

बिल्डरचं नाव ऐकलं की गुजरात रेराच्या, म्हणजे बिल्डरांचे प्रकल्प नोंदवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्प शोधा. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला बुकिंगपोटी फ्लॅटच्या किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, रेरा कायद्याचं कलम 13. आमच्याकडे तर प्रकल्पच नव्हता, तरी दीड लाख.

सी ब्लॉकच्या काकी आता माझ्याशी बोलत नाहीत. पावत्या माझ्या अक्षरात आहेत ना. गच्चीला पुन्हा कुलूप लागलंय.

मांजलपूरकडे एका जुन्या सोसायटीत सध्या मीटिंगा चालू आहेत असं कानावर आलंय. चाळिशीचा, गोरा, निळी फाईल, वाक्यागणिक ताई. तुमच्याकडे तोच असेल तर भांडू नका. सगळ्यांसमोर एवढंच म्हणा की करार उद्याच सब-रजिस्ट्रारकडे नोंदवू, खर्च सोसायटी करेल. बघा कशी त्याला दुसरी मीटिंग आठवते. आणि तो गेटबाहेर पडायच्या आत गाडीचा नंबर लिहून घ्या, आमच्यापैकी कुणीच घेतला नव्हता.