कंबर दाखवायला गेले आणि झोपेची चौकशी झाली: पेन क्लिनिकच्या आठ आठवड्यांच्या प्रोग्रॅमचा अनुभव

दोन वर्षं कंबर धरलेली. आधी सगळ्यांसारखं दुखणं अंगावर काढलं, मग शेक, मलम, पट्टा, एमआरआय, "मणक्यात झीज आहे, वाकू नका" हे सगळं झालं, आणि ते वाकू नका मी इतकं मनावर घेतलं की खाली पडलेलं पेन पण नवऱ्याला उचलायला लावायचे. शेवटी एका पेन क्लिनिकचा, म्हणजे दुखण्यावरच्या दवाखान्याचा, प्रोग्रॅम केला, फिजिओ आणि सायकॉलॉजिस्ट एकाच टीममध्ये असतात तसला. नाव लिहीत नाही कारण खाली थोडी बोंब पण मारायचीये.

पहिल्याच दिवशी दोन फॉर्म. एकात ९ प्रश्न, मूड, झोप, भूक वगैरे, २७ पैकी मार्क, जितके जास्त तितका मूड वाईट, पीएचक्यू-९ म्हणतात त्याला. दुसरा १३ प्रश्नांचा, दुखायला लागलं की डोक्यात काय काय येतं त्याचा. माझं डोकंच फिरलं. कंबर दुखतेय आणि हे विचारतायत काय तर कशात मन लागतं का! म्हटलं झालं, आता हे पण म्हणणार मनाचे खेळ आहेत. आधीच्या एका डॉक्टरांनी तसं बोलून दाखवलेलं, ते जिव्हारी लागलेलं होतंच.

पण फिजिओने आधी नीट तपासलं. पायात बधिरपणा, लघवीवरचा कंट्रोल, ताप, वजन उतरणं, सगळं विचारलं, कारण यातलं काही असेल तर मामला वेगळा, मग आधी डॉक्टर. ते झाल्यावर तिने एक तक्ता काढला, २०१५ मध्ये छापून आलेला, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या स्कॅनवरून केलेला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांत झीज, ऐंशीच्या वयात ९६ टक्के, आणि दुखत कुणाचंच नाही! मी दोनदा वाचला. मग म्हटलं माझं दुखतंय ते काय खोटं का? तर म्हणाली खोटं कशाला असेल, दुखणं शंभर टक्के खरं, फक्त ते सगळं त्या फोटोत सापडत नाही. हे एवढं वाक्य ऐकायला दोन वर्षं गेली माझी.

व्लायेन आणि लिंटन या दोन संशोधकांचा २००० सालचा पेपर आहे म्हणे, त्यातलं चक्र सायकॉलॉजिस्टने कागदावर काढून दाखवलं. दुखतं म्हणून भीती, भीती म्हणून हालचाल बंद, बंद म्हणून अंग आखडतं आणि मूड पण जातो, की दुखणं अजून वर. माझंच चाललेलं की हे!

तिसऱ्या सेशनला फिजिओ म्हणाली बुटाची लेस बांधा. बांधली. तर विचारते, "श्वास कुठे गेला?" बघते तर श्वास रोखलेला, पोट आवळलेलं, एक हात टेबलाला घट्ट. मग श्वास सोडत सोडत परत, परत, चौथ्यांदा वाकले तर चमक भरलीच नाही. तशीच खाली बसून रडले, का ते मलाही कळेना. तिने पाणी दिलं आणि म्हणाली, होतं असं, आता दुसरा पाय.

सायकॉलॉजिस्टचं सगळंच पटलं असं नाही, ते डोळे मिटून शरीराकडे लक्ष द्या प्रकरणात मी दोनदा घोरले. पण एक कामाचं मिळालं, चालायचं ते घड्याळावर, दुखण्यावर नाही. बरं वाटलं की घरभर कामं काढायची आणि मग तीन दिवस आडवं, ही माझी सवय त्यानेच मोडली. ८ मिनिटांपासून सुरू केलेलं.

आता बोंब. तो ९ प्रश्नांचा फॉर्म वेटिंगमध्ये सगळ्यांसमोर भरायला देतात, शेवटचा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा आहे, आणि शेजारचे काका चष्मा वर करून माझ्या कागदात डोकावत होते. अशा वेळी कोण खरं लिहील? मी तर त्या प्रश्नाला शून्य ठोकून मोकळी झाले, नंतर आत सांगितलं. आणि आठ आठवडे संपले की विषय संपला, एक पीडीएफ पाठवतात आणि बाय.

दुखणं गेलंय का? नाही. दहापैकी सात असायचं, आता चार, कधी तीन. मूडचा स्कोअर १३ वरून ६. चार स्टार देते, फक्त जाताना पाठीमागे घ्यायला एक उशी न्या, कंबरदुखीच्या क्लिनिकात वेटिंगला बिनपाठीचं बाकडं आहे आणि नंबर यायला पाऊण तास लागतो.