१०९० मेगाहर्ट्झ ऐकूच न शकणारा एसडीआर: माझी फसवणूक कशी झाली

नवा एसडीआर रिसीव्हर, म्हणजे संगणकातल्या सॉफ्टवेअरच्या मदतीने रेडिओ सिग्नल पकडणारा रिसीव्हर, जोडला आणि नुसती खरखर ऐकू आली, की बहुतेक जण आधी स्वतःवरच शंका घेतात. अँटेना नीट लावला नसेल, ड्रायव्हर चुकला असेल, आपल्याला अजून जमत नसेल. ही शंका रास्तही आहे, कारण रिसेप्शन कमकुवत असण्याचं कारण पुष्कळदा खरंच सेटिंगमध्ये सापडतं. पण याच शंकेवर धंदा करणारे विक्रेते आहेत. त्यातल्या एकाने मला भलत्याच चिपचा डोंगल (यूएसबीला जोडायचा छोटा रिसीव्हर) विकला आणि तो चालत नाही म्हटल्यावर उपाय म्हणून आणखी दोन वस्तू गळ्यात मारल्या. नव्याने या छंदात येणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी हे वाचावं, म्हणून सविस्तर लिहितोय.

थोडी पार्श्वभूमी हवी. या स्वस्त डोंगलांचा पाया म्हणजे रिअलटेकची आरटीएल२८३२यू ही चिप. ती मुळात संगणकावर डिजिटल टीव्ही पाहण्यासाठी बनवलेली. २०१२ मध्ये हौशी प्रोग्रॅमरांनी दाखवून दिलं, की ती कच्चे सॅम्पल (सिग्नलचे अंकी नमुने) थेट संगणकाकडे पाठवू शकते, आणि हा छंद सगळ्यांच्या आवाक्यात आला. मात्र ही चिप एकटी काही ऐकू शकत नाही. अँटेना आणि तिच्यामध्ये ट्यूनर नावाची दुसरी चिप बसते, आणि कोणती फ्रिक्वेन्सी मिळणार हे ती ठरवते. आर८२०टी२ हा ट्यूनर साधारण २४ पासून १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत जातो. एफसी००१२ हा दुसरा ट्यूनर ९४८ च्या आसपास थांबतो. पेटी बंद असताना दोन्ही डोंगल हुबेहूब सारखे दिसू शकतात.

मला विमानांचे एडीएस-बी सिग्नल पकडायचे होते. विमानं आपली जागा, उंची, वेग सतत १०९० मेगाहर्ट्झवर प्रसारित करत असतात आणि साध्या डोंगलवर ते नकाशावर पाहता येतं. विक्रेत्याच्या जाहिरातीत आर८२०टी२ ट्यूनर, १ पीपीएमचा (दशलक्षात एक भाग इतकीच चूक असलेला) टीसीएक्सओ ऑसिलेटर, बायस टी (अँटेनाच्या केबलमधून वीज देणारी सोय), धातूची पेटी, सगळं लिहिलेलं होतं. पेटीवर तीच अक्षरं छापलेली होती. जोडल्यावर जवळची एफएम स्टेशनं खणखणीत लागली, त्यामुळे डोंगल चालू आहे याची खात्री झाली. १०९० वर मात्र शुकशुकाट. एकही विमान नाही.

विक्रेत्याला विचारलं. उत्तर लगेच आणि अतिशय नम्रपणे आलं: "सर, सोबतचा अँटेना फक्त एफएमसाठी आहे. विमानांसाठी आमचा हाय गेन अँटेना घ्या, २५ डीबीआय." यात अर्धं सत्य आहे आणि म्हणूनच ते पटतं. अँटेनाची लांबी फ्रिक्वेन्सीवर ठरते हे खरंच. पाव तरंगलांबीची काडी १०० मेगाहर्ट्झला ७५ सेंटिमीटर लागते, १०९० ला जेमतेम ६.९. म्हणजे १०९० साठी लागणारा अँटेना तारेच्या तुकड्यातूनही करता येतो. आणि २५ डीबीआय हा आकडा तर धादांत खोटा. डीबीआय हे अँटेनाच्या गेनचं, म्हणजे एका दिशेचा सिग्नल तो किती जोरात पकडतो याचं, माप. साध्या डायपोलचा गेन २.१५ डीबीआय असतो. १०९० मेगाहर्ट्झला २५ डीबीआय मिळवायचे तर सुमारे दोन मीटर व्यासाची डिश लागेल, आणि तीही एकाच दिशेला बघणारी. हातभर काडीवर असा आकडा छापलेला दिसला, की तो विक्रेता बाकीचे आकडेही असेच छापतो असं धरून चालावं.

तो अँटेना आला, डोंगलवर छान घट्ट फिरून बसला, आणि आधी येणारी एफएम स्टेशनंही क्षीण झाली. इथे एक गोष्ट भिंगाखाली धरण्यासारखी आहे. एसएमए कनेक्टरची दोन भावंडं असतात, साधा एसएमए आणि रिव्हर्स पोलॅरिटीचा आरपी-एसएमए. आटे दोघांचे सारखेच. फरक फक्त मध्यभागी. डोंगलच्या साध्या एसएमए सॉकेटमध्ये मधोमध बारीक भोक असतं आणि अँटेनाच्या टोकाला त्यात जाणारी पिन असावी लागते. वायफाय राउटरच्या बऱ्याच अँटेनांना आरपी-एसएमए असतो, त्यांच्या मधोमधही भोकच असतं. भोकासमोर भोक. बाहेरून सगळं घट्ट बसतं, पण मधली तार तारेला टेकतच नाही. मला पाठवलेला अँटेना असाच होता, म्हणजे राउटरचा अँटेना नवं लेबल लावून विकलेला. खात्री करायला काही विशेष लागत नाही. अँटेना काढा, टोकाकडून आत बघा. पिन दिसली नाही तर तो तुमच्या डोंगलचा नाही.

हे मी त्याला फोटोसह कळवलं. त्याने नकार दिला नाही, माफी मागितली आणि 'अडॅप्टर पाठवतो' म्हणाला. अडॅप्टर यायला वेळ लागला. तो लावल्यावरही विमानं दिसेनात, तेव्हा पुढचा सल्ला तयार होता: "आपल्या भागात सिग्नल वीक आहे, एलएनए लावावा लागेल." एलएनए म्हणजे क्षीण सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर. मधल्या काळात आणखी दोन गोष्टी त्याने ठासून सांगितल्या. एक, चिप नवीन असते, वापरून वापरून सेट होते, घाई करू नका. दुसरी, गेन (ट्यूनर सिग्नल किती वाढवतो ते सेटिंग) वाढवू नका, चिप जळेल. दोन्ही साफ खोट्या आहेत. सिलिकॉनची चिप वापरून 'सेट' होत नाही. आणि गेनचा स्लायडर पूर्ण वर नेल्याने काहीही जळत नाही. उलट नवख्याचं रिसेप्शन कमकुवत असण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच असतं, की सॉफ्टवेअरमध्ये ट्यूनरचा गेन शून्यावर राहिलेला असतो.

गेनला हात लावू नका असं तो इतकं बजावून का सांगत होता, हे मी गेनची यादी पाहिली तेव्हा कळलं. आरटीएल-एसडीआरच्या, म्हणजे याच रिअलटेक चिपवरच्या डोंगलांच्या, फुकट मिळणाऱ्या साधनांमध्ये आरटीएल टेस्ट नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. डोंगल लावून तो चालवला, की कोणता ट्यूनर सापडला ते तो लिहून दाखवतो आणि खाली गेनच्या पायऱ्या छापतो. आर८२०टी घराण्याच्या ट्यूनरला अशा २९ पायऱ्या असतात, ० पासून ४९.६ डीबीपर्यंत. माझ्या पडद्यावर पाचच आल्या: -९.९, -४.०, ७.१, १७.९ आणि १९.२. वरच्या ओळीत फिटिपॉवर एफसी००१२. पेटीवर छापलेलं नाव आणि आतल्या चिपने स्वतः सांगितलेलं नाव वेगळं होतं. ९४८ च्या पुढे न जाणाऱ्या ट्यूनरसाठी या माणसाने मला १०९० चा अँटेना विकला होता, आणि १०९० चाच एलएनए तोवर वाटेत होता. सॉफ्टवेअरच्या खिडकीत १०९० हा आकडा टाइप करता येतो, म्हणून ट्यूनर तिथे पोचला असं होत नाही, हे नवख्याला कोण सांगणार?

एलएनए आला तेव्हा तोही तपासला. अँटेनाजवळ लावायच्या या छोट्या ॲम्प्लिफायरला वीज कोएक्स केबलमधूनच मिळते, आणि ती डोंगलमधल्या बायस टीने द्यायची असते. अशा डोंगलमध्ये बायस टी सॉफ्टवेअरमधून चालू केल्यावर कनेक्टरच्या मध्यभागी आणि बाहेरच्या कड्यावर मल्टिमीटर धरला, तर साधारण साडेचार व्होल्ट दिसायला हवेत. माझ्याकडे शून्य. बायस टी नव्हताच. वीज न मिळालेला एलएनए सिग्नल वाढवत तर नाहीच, उलट वाटेत उभा राहून दाबतो. त्यामुळे नवी वस्तू जोडली की रिसेप्शन आणखी पडायचं, आणि विक्रेता त्याचंच भांडवल करून पुढची वस्तू सुचवायचा.

मग पेटी उघडली. टीसीएक्सओ हा तापमान बदललं तरी फ्रिक्वेन्सी न हलू देणारा ऑसिलेटर, बोर्डला चिकटलेला चौकोनी, चार पॅडांचा तुकडा असतो. माझ्या बोर्डवर दोन पायांचा साधा धातूचा क्रिस्टल होता, वर २८.८०० कोरलेलं. अशा क्रिस्टलची चूक ५० पीपीएमपर्यंत सहज जाते. ४३३ मेगाहर्ट्झला ५० पीपीएम म्हणजे २१ किलोहर्ट्झहून जास्त, आणि अरुंद चॅनल तर साडेबारा किलोहर्ट्झचे असतात. म्हणजे सिग्नल हजर असूनही तुम्ही शेजारच्या रिकाम्या जागी कान लावून बसता. एफएम स्टेशन बरंच रुंद असतं, म्हणून त्यावर ही चूक लक्षात येत नाही. एफएम ऐकू आलं म्हणून डोंगल चांगला, हा निष्कर्ष या फसवणुकीत विक्रेत्याला सगळ्यात जास्त कामी येतो.

एवढं सांगूनही हे नमूद केलंच पाहिजे, की खरखर म्हणजे फसवणूक असं समीकरण मांडू नका. अस्सल डोंगलही आठ बिटांचाच असतो, त्याची डायनॅमिक रेंज (एकाच वेळी झेपणाऱ्या सर्वांत जोरदार आणि सर्वांत क्षीण सिग्नलमधलं अंतर) जेमतेम ५० डीबी. जवळ मोठं एफएम केंद्र असेल तर ८८ ते १०८ च्या त्या दणक्याखाली बाकीचे सिग्नल चिरडले जातात. तिथे ॲम्प्लिफायर लावणं म्हणजे दुखणं वाढवणं, एफएम अडवणारा फिल्टर लावला तर फरक पडतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, वॉटरफॉलवरच्या (सॉफ्टवेअरमधल्या सिग्नलच्या सरकत्या चित्रावरच्या) उभ्या रेघा गेल्या तर नॉइज चार्जरचा होता. डोंगल यूएसबी एक्स्टेंशन केबलवर घेऊन संगणकापासून लांब ठेवा. अँटेना खिडकीशी न्या. हे सगळं फुकटात होतं. पण त्याआधी आरटीएल टेस्ट चालवा, पाकीट उघडलं त्याच दिवशी, आणि पडद्याचा फोटो काढून ठेवा.

त्याच दिवशी म्हणतोय, कारण या विक्रेत्यांचं खरं हत्यार वेळ आहे. तो माझ्याशी कधी उद्धट बोलला नाही. प्रत्येक संदेशाला उत्तर दिलं. 'परत पाठवू नका, आधी हे करून बघू' असं प्रत्येक वेळी म्हणाला, आणि अँटेना, अडॅप्टर, एलएनए यांच्या वाटा बघण्यात डोंगल परत करण्याची मुदत निघून गेली. शेवटी तर त्याने रिसीव्हरचं 'पूर्ण व्हर्जन' ॲक्टिव्हेट करण्यासाठी पैसे मागितले. आरटीएल-एसडीआरचे ड्रायव्हर आणि लायब्ररी मुक्त स्रोतातल्या आहेत, त्यांना ॲक्टिव्हेशन कोड नावाची गोष्टच नाही. कुणी असा कोड विकत असेल तर तिथेच संवाद थांबवावा.

विक्रीच्या साइटकडे मी तक्रार केली तेव्हा मुदत संपल्याचं सांगून आधी ती बंद केली गेली. दुसऱ्यांदा मी 'रिसेप्शन कमकुवत आहे' असं लिहिलंच नाही. 'जाहिरातीत लिहिलेला भाग वस्तूत नाही' एवढंच लिहिलं आणि सोबत तीन पुरावे दिले: जाहिरातीचा खरेदीच्या वेळचा स्क्रीनशॉट, आरटीएल टेस्टचा पडदा आणि दोन पायांच्या क्रिस्टलचा फोटो. या वेळी डोंगलचे पैसे परत मिळाले. अँटेना आणि एलएनएचे नाही मिळाले, कारण त्यांच्या जाहिरातीत कोणत्याही ट्यूनरचा उल्लेख नव्हता आणि त्या वस्तू 'वर्णनाप्रमाणे' ठरल्या.

तोच डोंगल त्याच फोटोंसह आता दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाने विकायला आहे. फोटोत उघडा बोर्ड कुठेच दाखवलेला नाही, आणि 'ट्यूनर चिपचा क्लोज-अप पाठवा' या माझ्या प्रश्नाला त्याचं उत्तर आलं: "सर, आपल्याला कोणत्या फ्रिक्वेन्सीसाठी हवाय?"