दोन ‘इट्स ओके’: कुठली मालिका कुणी बघावी?

मराठीत कुणाची टर उडवायची असली की ‘याला ठाण्याला नेऊन सोडा’ म्हणतात. १९०१पासून इथे असलेल्या प्रादेशिक मनोरुग्णालयामुळे हे वाक्य आम्हा ठाणेकरांच्या वाट्याला आलं, आणि ते ऐकतच आम्ही मोठे झालो. म्हणूनच जिथे मनोरुग्णालय कथेच्या केंद्राजवळ आहे आणि तिथल्या रुग्णाला माणूस म्हणून वागवलं जातं, अशी प्रेमकथा मला मोलाची वाटते.

अशा दोन कोरियन मालिका आहेत. नावं इतकी सारखी की गल्लत होतेच. एक २०१४ची ‘इट्स ओके, दॅट्स लव्ह’ आणि दुसरी २०२०ची ‘इट्स ओके टू नॉट बी ओके’. दोन्ही १६ भागांच्या, एकेक भाग तासाभराचा किंवा थोडा जास्त. दोन्हींतली माणसं लहानपणी मनावर खोल घाव बसलेली आणि मोठेपणी प्रेमात पडलेली. तरी त्या एकमेकींच्या जागी चालणार नाहीत. जोडीदारासोबत नीट राहायचं कसं, हे बघायचं असेल तर २०१४ची घ्या. लहानपण अंगात कसं मुरून राहतं, हे समजून घ्यायचं असेल तर २०२०ची.

२०१४च्या मालिकेतली जी हे-सू मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि तिला स्वतःलाच शारीरिक जवळिकीची भीती वाटते. आईचं दुसऱ्या पुरुषाशी असलेलं नातं तिने कोवळ्या वयात पाहिलेलं असतं. जांग जे-योल गाजलेला लेखक, पण झोपतो बाथरूममध्ये, कारण सावत्र बापाच्या मारापासून लपलेला मुलगा त्याच्यात अजून जागा आहे. या दोघांचं मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे ती बोलतात. कचाकचा भांडतात, पण भांडणाचं कारण काय होतं तिथवर पोचतात. तिची भीती तो उपकार केल्यासारखी सोसत नाही, आणि आपली भीती म्हणजे त्याचा अपराध असं तीही मानत नाही. जवळ कधी यायचं हे तिच्या कलाने ठरतं. आपल्याकडे साखरपुडा ते लग्न या काळात हॉल, केटरर, मानपान या सगळ्यांवर बैठका होतात, आणि नेमकं हेच बोलणं राहून जातं.

उत्तरार्धात त्याचा आजार गंभीर निघतो. तो कुठला, हे सांगून मजा घालवत नाही. पण इथे मालिका एक फार शहाणी गोष्ट करते. हे-सू डॉक्टर असूनही त्याची डॉक्टर होत नाही. त्याचे उपचार इतर डॉक्टर करतात, ती प्रेयसी म्हणून सोबत राहते, रडते, थकते. औषधं, त्यांनी येणारी सुस्ती, ‘मला घरी जाऊ द्या’ हा हट्ट, सगळं समोर येतं. प्रेमाने आजार पळाला असं कुणी म्हणत नाही. तो सावरू लागल्यावर तिच्या मनात असलेल्या दूरदेशीच्या प्रवासालाही ती एकटी निघते, आणि नातं त्याने तुटत नाही.

उणिवा आहेत. सुरुवातीच्या भागांतली आरडाओरड आणि झोंबाझोंबी विनोद म्हणून येते, ती मला खटकली. बरं होण्याचा काळही फार आवरता घेतला आहे.

२०२०ची मालिका दिसायला जास्त देखणी, परीकथेसारखी आहे. मून गांग-ते मनोरुग्णालयात रुग्णांची देखभाल करतो आणि घरी स्वमग्न (ऑटिस्टिक) थोरल्या भावाची, सांग-तेची. ‘भावाला सांभाळायलाच तुला जन्म दिला’ हे आईचं वाक्य तो आयुष्यभर वाहतो. ज्या घरात धाकट्याला लवकर कर्ता व्हावं लागलं, तिथल्या माणसाला हे बघताना गलबलून येईल. मला तर प्रेमकथेपेक्षा भावांचीच कथा मोठी वाटली. सांग-तेची भूमिका करणाऱ्या ओ जंग-सेला २०२१चा बेकसांग हा कोरियातला मानाचा अभिनय पुरस्कार मिळाला, तो अगदी योग्य होता.

यातच गांग-ते नायिकेला, लेखिका को मून-योंगला, मन शांत करण्यासाठी हात छातीवर फुलीसारखे ठेवून आळीपाळीने खांदे थोपटायला शिकवतो. ही खरीखुरी पद्धत आहे. १९९७च्या पॉलिन चक्रीवादळानंतर मेक्सिकोत वाचलेल्या लोकांसोबत काम करताना ती घडली.

पण निरोगी नात्याचा नमुना म्हणून ही मालिका देऊ नका. मून-योंग गांग-तेच्या मागे लागते, नको म्हटलं तरी थांबत नाही. पुरुषांच्या कपडे बदलायच्या खोलीत शिरून त्याला हात लावण्याच्या प्रसंगावर कोरियातही प्रेक्षकांनी तक्रारी केल्या होत्या. हेच एखाद्या नायकाने केलं असतं तर आपण त्याला प्रेम म्हटलं असतं का? ती पुढे बदलते, सीमा पाळायला शिकते, पण तोवर बराच काळ आक्रमकपणालाच आकर्षण म्हणून रंगवलं आहे. शेवटच्या भागांतलं रहस्यही भडक होतं.

घरातली जागाही विचारात घ्या. २०१४च्या मालिकेत शरीरसंबंधांवर मोकळी बोलणी आहेत. ऐरोलीच्या वन बीएचकेमध्ये सासू-सासऱ्यांसोबत बघताना अवघड वाटेल, तिथे मोबाईल आणि हेडफोन बरे. २०२०च्या मालिकेत चाकू, खून आणि आईचा धाक आहे. घरात मारहाण पाहिलेल्यांनी ती रात्री एकट्याने सलग बघू नये. काही ढवळून निघालंच तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. समोरासमोर बोलायचं असेल तर ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९०मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे.

माझ्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा तिला मी २०१४ची सुचवली, तीही होणाऱ्या नवऱ्याच्या सोबतीने. तुम्ही दोन्ही बघणार असाल तरी हाच क्रम ठेवा. हे-सू आणि जे-योल एकमेकांना कसं विचारतात ते आधी पाहिलं असलं, की मून-योंग न विचारता कुठे पुढे सरकते ते तुम्हाला पहिल्याच भागांत दिसेल.