मस्टँग जीटी, आठ महिने आणि हेल्मेटमधलं स्टिकर

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहून फोर्डची दोन दारांची मस्टँग घेतली म्हटल्यावर सगळ्यांचा पहिला प्रश्न, "मागे बसणार कोण?" सहा वर्षांची लेक बसते. आईला एकदा बसवलं, उतरवताना दोघांनी हात धरावे लागले. मागच्या सीटबद्दल एवढंच.

गाडी २०१८ची, सेकंडहँड. ५ लिटर व्ही-८, ४६० हॉर्सपॉवर, १० गिअरची ऑटोमॅटिक. ऑफिसला जाताना शहाण्यासारखी वागते, पेट्रोल मात्र राक्षसासारखं पिते. घेतली ती पाव मैलासाठी, म्हणजे ड्रॅग रेसिंगसाठी: उभ्या जागेवरून सरळ पट्टीवर पाव मैल कमीत कमी वेळात कापायचा. जवळच्या एंग्लिशटाउनमधली ड्रॅग रेसिंग २०१८ मध्येच बंद पडली, म्हणून आता पेनसिल्व्हेनिया गाठावं लागतं.

पहिल्या दिवशी दीड तास गाडी हाकत गेलो आणि तपासणीतच अडकलो. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेचा नियम असा की पाव मैलाला १३.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागत असेल तर हेल्मेट हवंच. माझ्याकडे होतं, पण मोटरसायकलचं, आत नुसतं डीओटीचं, म्हणजे सरकारी वाहतूक खात्याच्या मानकाचं, स्टिकर. तिथे स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं लागतं. वर मी हाफ पँटमध्ये! तपासनीस आजोबांनी आधी हेल्मेटकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्यांकडे. तो दिवस प्रेक्षकांत बसून काढला.

दुसऱ्या खेपेला साध्या टायरवर पाण्याच्या डबक्यातून गेलो. ते डबकं रेसचे टायर ओले करून जागच्या जागी फिरवून तापवायला असतं. साध्या टायरवाल्यांनी तसं करायचं नसतं, बाजूने वळून जायचं. खाचांमधलं पाणी थेट सुटायच्या जागेवर गळतं. १३.३ सेकंद लागले, त्यातला निम्मा वेळ चाकं जागच्या जागी फिरण्यात गेला असावा. हिरवा दिवा लागल्यावर घाबरून पाय दाबायची गरज नाही हेही उशिरा कळलं. तुमचं घड्याळ पुढचं चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून सुटल्यावर सुरू होतं. आता १२.५ च्या आसपास, ताशी ११२ मैल.

रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारा आतला लोखंडी पाइप, एरवी ११.४९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला की सक्तीचा. पण कंपनीची सुरक्षा साधनं जशीच्या तशी असतील तर २००८ पासूनच्या गाड्यांना १० सेकंदांपर्यंत सूट आहे, २०१४ पासूनच्यांना ९ सेकंद आणि ताशी १५० मैलांपर्यंत. डॉजची डीमन १७० कंपनीच्या आकड्यानुसार ८.९१ मध्ये जाते, म्हणजे शोरूममधून निघतानाच नियमाबाहेर. सूट मला निम्मी पटते. रोजच्या गाडीत डोक्याशेजारी लोखंडी पाइप आणि डोक्यावर हेल्मेट नाही, हे साध्या टकरीतही वाईट. पण ९ सेकंदांत पाव मैल आणि भरवसा एअरबॅगवर? माझी छाती होणार नाही.

मित्र सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारा पंप, बसव म्हणून मागे लागलाय. गाडी १० सेकंदांच्या घरात येईल, सूटही कदाचित मिळेल. पण तेवढ्या वेगाला मी बारशिवाय जाणार नाही, आणि बार आला की मागची सीट गेली. लेकीला विचारलं. ती म्हणाली, "मग मी कुठे बसू?"

सुपरचार्जर राहिला.